धोटा

शेड विकली तेव्हा
अकरा नंबरच्या मागाखाली, कापसाच्या धुळीत हा सापडला.
माग भंगारात गेले, किलोवर.
याला किलोवर कुणी घेईना
म्हणून मी घेतला.
डब्याच्या पिशवीत घालून कन्ना चौकातनं चालत आणला,
डोकं तेवढं बाहेर.

राजमणी म्हणाली,
तीस वर्षांचा हिशेब म्हणून हे मिळालं काय?
आणि विड्यांचं सूप उचलून मांडीवर घेतलं.
तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळाला,
आपटला, वळला,
पुन्हा या भिंतीला.
'धोटा,' आम्ही दोघं एकदम म्हणालो.
लै दिवसांनी काहीतरी एकदम म्हणालो.

पहिल्या रात्री रडला.
दूध दिलं. चादर दिली,
कोपऱ्यातलं फूल चुकलेली, डागी मालातली.
तरी रडला.
पलीकडनं बोल्लीमामा भिंतीवर थापा मारायला लागले.
बाहेर ठेवा त्याला, राजमणी तोंडावर पदर घेऊन.
मग माझ्या ध्यानात आलं,
याला शांतता चावतीय.
डोळे उघडायच्या आधीपासून यानं खटखट ऐकलेली.
आईचं काळीज कुठलं, माग कुठला,
याला वेगळं माहीत नसणार.
पत्र्याच्या पेटीवर दोन बोटांनी
मी माग चालवला,
रात्रपाळीच्या लयीत, बेतानं.
तो निजला.
मी चालवत राहिलो.
मला तरी कुठं झोप होती
शेड बंद पडल्यापासून.

फरशीवर मुतायचा.
समोरचा चिमण्या म्हणाला, काका, त्याचं नाक घासा त्यात.
म्हटलं, का बे,
धागा तुटला म्हणून कापडाला मारतात काय?
माग थांबवायचा. टोक शोधायचं.
गाठ मारायची आणि पुढं.
झोपेतनं उठला की, खाल्लं की, खेळून दमला की
उचलून दारापुढच्या लिंबाखाली.
तिथं केलं की अर्धा शेंगदाणा, लगेच, हातावर.
दोनदा गोल फिरून फरशी हुंगली की समजायचं.
तुटणारा धागा मी तुटायच्या आधी ओळखायचो.
हे ओळखायला वीस दिवस लागले.
तेवढ्यात त्यानं एक चप्पल खाल्ली,
विडी बांधायच्या दोऱ्याचं रीळ,
आणि राजमणीचं कारखान्याचं कार्ड, फोटोच्या बाजूनं.
कार्डापायी दोन दिवस
ती आमच्या दोघांशीही बोलली नाही.

भाषेचं वेगळंच भांडण.
मी म्हणतो 'रा', शेजारची महानंदा 'बा',
चिमण्या शाळेतल्या बाईंसारखं, 'इकडे ये'.
तो मधोमध, तिघांकडं आळीपाळीनं बघत.
'बस' म्हटलं तर उभाच.
आपल्या गल्लीत बस येतच नाही, त्याला काय कळणार,
चिमण्या म्हणाला.
पण राजमणीनं विड्या वळता वळता,
मान वर न करता म्हटलं, 'कूर्चो',
आणि बसला की हा, शेपूट गुंडाळून!
तिला कुणी शिकवायला सांगितलं नव्हतं.
मी शेंगदाणे मोजले.
डब्यातले कमी होते.

रोज रात्री थोडं थोडं कमी वाजवत आणलं.
दोन बोटांवरनं एक,
मग नुसता हात पेटीवर ठेवून.

नळाला पाचव्या दिवशी पाणी, तेही कधी येईल तेव्हा.
त्या रात्री तीनच्या सुमाराला
नळातनं आधी हवा आली, खसखस,
आणि धोटा भुंकला,
जन्मात पहिल्यांदा, स्वतःच दचकत.
गल्ली उठली. बादल्या, घागरी, पिंपं,
बोल्लीमामा लुंगी सावरत, बोंबलत, आलं बे, आलं!
राजमणीनं पहिला तांब्या त्याच्या थाळीत ओतला,
मग कळशी लावली.

मी उंबऱ्यात उभा, डोळे चोळत,
गालावर चादरीच्या विणीचे वळ.
हात लावून बघितले.
म्हणजे झोपलो होतो मी.
पेटी गप्प होती
आणि मी झोपलो होतो.

'काय बघताय,' राजमणी ओरडली,
'पिंप भरलं, पाइप काढा!'
धोटा पाइपाचं दुसरं टोक तोंडात धरून
या भिंतीकडनं त्या भिंतीकडं.